किरकोळ बोलण्याचे काम : प्रस्तावना

दही लागले नाही, पाहुणे दारात असताना गॅस संपला, कामाच्या बाईंनी न सांगता दांडी मारली, सकाळपासून मान अवघडली आहे, आणि ‘बाकी काय, तुझं कसं चाललंय?’ असंख्य मराठी माणसे रोज एकमेकांना फोनच्या पडद्यावरून असे काहीबाही कळवत असतात. त्यांतली पुष्कळशी एकमेकांना कधी प्रत्यक्ष भेटलेलीही नसतात. या बोलण्याला आपल्याकडे मान नाही. चकाट्या, टाइमपास, रिकामटेकड्यांचे उद्योग अशी त्याची चालू नावे आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात साहित्य दिसत नाही आणि दुष्काळ, जात, स्थलांतर अशा प्रश्नांत गुंतलेल्या समाजशास्त्रज्ञाला अवघडलेल्या मानेपाशी थांबायला सवड नसते. या संग्रहातील लेखकांनी तिथे थांबायचे ठरवले आहे. किरकोळ कुरकुर म्हणजे खऱ्या मैत्रीच्या अलीकडची पायरी, असे सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. मैत्री रोजच्या रोज चालती ठेवण्याचे काम ही कुरकुरच करते, आणि ती किरकोळ असते म्हणूनच तिला ते जमते. मोठे संकट सांगितले की ऐकणाऱ्यावर जबाबदारी येते. त्याने धावून यावे, पैसे उभे करावेत, निदान रात्रभर जागावे अशी अपेक्षा असते, आणि असे मागणे वर्षातून एकदाच करता येते. दही लागले नाही एवढे सांगणारा माणूस समोरच्याकडे दोन शब्द मागतो. ते देणे कुणालाही परवडते, म्हणून ते रोज मागता येतात, आणि रोज मिळत गेले की त्यांची हळूहळू एक ओढ तयार होते. ही ओढ कशी तयार होते, कधी तुटते आणि पडद्यावर आल्यावर तिचे काय झाले, हे समजून घ्यायचे तर आधी या विषयाचा आजवरचा प्रवास पाहिला पाहिजे.

नुसत्या बोलण्यासाठी बोलणे हा गंभीर विचाराचा विषय होऊ शकतो, हे आधी गेओर्ग झिमेल या जर्मन समाजचिंतकाने दाखवले. १९१० साली फ्रँकफर्टला जर्मन समाजशास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली, तिथल्या व्याख्यानात त्याने मांडले की व्यवहारात बोलणे हे साधन असते, पण बैठकीत रमलेल्या माणसांसाठी ते स्वतःच साध्य होऊन बसते. त्यानंतरचे नाव ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांचे. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून आलेल्या या मानववंशशास्त्रज्ञाने ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या ‘द मीनिंग ऑफ मीनिंग’ या १९२३च्या ग्रंथाला पुरवणी लिहिली आणि तीत ‘फॅटिक कम्युनियन’ ही कल्पना मांडली. हवापाणी, तब्येत, डोळ्यांना दिसतच असलेली गोष्ट यांविषयीच्या बोलण्यातून माहिती पोचत नाही, माणसे एकमेकांशी बांधली जातात, असा तिचा आशय. पुढे १९६० साली रोमान याकोब्सनने भाषेच्या सहा कार्यांच्या मांडणीत याला स्वतंत्र जागा दिली. मात्र त्याने त्याचा अर्थ बराच आकुंचित केला. संपर्क चालू आहे की नाही याची चाचपणी, एवढेच त्याच्याकडे उरले. या सुरुवातीच्या विचारात एक अढी आहे, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. आशय बिनमहत्त्वाचा आहे, तेव्हा काय बोलले गेले हे बारकाईने ऐकण्याची गरजच नाही, असे या मांडणीत गृहीत धरलेले दिसते. मालिनोव्स्कींचा श्रोता तर मनातून अधीर असतो. आपली बोलायची पाळी कधी येते याची तो वाट पाहत बसतो.

असले बोलणे माणसे करतात कशासाठी, या प्रश्नाला रॉबिन डनबार यांनी १९९६ साली उत्क्रांतीचे उत्तर दिले. माकडे एकमेकांच्या अंगावरच्या उवा-कचरा वेचत तासन्‌तास बसतात आणि त्यातून त्यांची युती टिकते. माणसांचे कळप वाढत गेले तसा एवढ्या जणांना हाताने कुरवाळायला वेळ पुरेना, तेव्हा ते काम बोलण्याने उचलले, असा त्यांचा तर्क. उपाहारगृहांत चाललेली संभाषणे त्यांनी सहकाऱ्यांसह ऐकून नोंदवली, तेव्हा बोलण्याच्या वेळातला सुमारे दोनतृतीयांश भाग माणसांविषयीच्या, नात्यागोत्याच्या गोष्टींत जातो असे आढळले. ही कल्पना लोभस आहे आणि गप्पांना प्रतिष्ठा देण्याच्या कामी ती फार वापरली जाते. मला ती अपुरी वाटते. कुरवाळणे एकाच प्रकारचे असते. कुरकुरीला मात्र दाद द्यावी लागते, ती चुकीची दिली तर माणूस दुखावतो, आणि कोणती दाद बरोबर हे माकडांकडे पाहून कळत नाही.

ते कळण्यासाठी संभाषण अक्षरशः, अडखळण्यासकट लिहून काढावे लागते. हार्वी सॅक्स यांनी १९६३-६४मध्ये लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्रावर आलेल्या दूरध्वनींपासून हे काम सुरू केले आणि त्यातून संभाषण-विश्लेषणाची शाखा उभी राहिली. मरणाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या बोलण्यातून निघालेली पद्धत पुढे अगदी साध्यासुध्या गप्पांना लावली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सॅक्स १९७५ साली अपघातात वारले. त्यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनी त्यांची व्याख्याने संपादून १९९२मध्ये ग्रंथरूपाने आणली, पण प्रस्तुत विषयासाठी जेफरसन यांचे स्वतःचे कामच सगळ्यांत मोलाचे. ‘ट्रबल्स-टॉक’ म्हणजे अडचणींविषयीचे बोलणे, हा त्यांचा खास विषय होता. त्यांना दिसले की अडचण सांगणारा सांगता सांगता हसतो, आणि चांगला श्रोता त्या हसण्यात सामील होत नाही. सांगणाऱ्याचे हसणे म्हणते, मी अजून खचलेलो नाही. श्रोत्याचे न हसणे म्हणते, तरी पण मी हे गंभीरपणे घेतले आहे. जॉन ली यांच्याबरोबर लिहिलेल्या १९८१च्या निबंधात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. श्रोत्याने घाईने उपाय सुचवला की सांगणारा तो बहुधा झटकून टाकतो, मग उपाय कितीही चांगला असो. उपाय सुचवताक्षणी संभाषणाची जात बदलते. बोलणारा गिऱ्हाईक होतो, ऐकणारा तज्ज्ञ, आणि चर्चा माणसाकडून अडचणीकडे सरकते. मालिनोव्स्कींच्या अधीर श्रोत्याचा उलगडा मात्र सॅक्स यांच्याकडे सापडतो. ‘माझंही परवा अगदी असंच झालं’ म्हणून श्रोता स्वतःची हकिगत सांगतो, तेव्हा ती वरवर पाहता त्याची पाळी असते, पण पहिली हकिगत नीट ऐकली नसेल तर तिच्याशी जुळणारी दुसरी हकिगत निवडताच येत नाही. दुसरी हकिगत हा ऐकल्याचा पुरावा असतो.

ही निरीक्षणे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या ध्वनिफितींवरची आहेत. ती मराठीला जशीच्या तशी लागू पडतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. आपल्याकडे सल्ला ही आपुलकीची चालू भाषा आहे. थंड देशातल्या कुणी मराठी गृहिणीने दही लागत नसल्याचे लिहिले की भांडे ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा लावा, विरजणात हिरवी मिरची देठासकट घाला, भांड्याला शाल गुंडाळा, असे उपाय धडाधड येतात. जेफरसन यांच्या हिशेबाने तिने वैतागायला हवे. ती सहसा वैतागत नाही. कारण हे उपाय तिला ठाऊक असतात आणि तिला ते ठाऊक असणार हे सांगणाऱ्यांनाही ठाऊक असते. त्या उपायांचा उपयोग ‘अगं, मी वाचलं’ एवढे कळवण्यापुरता असतो. खरी ठेच लागते ती ठाऊक नसलेला, अधिकारवाणीने दिलेला सल्ला आला की: ‘मुळात तुमचं दूधच चुकीचं आहे.’ म्हणजे जेफरसन यांचा नियम इथे मोडत नाही, त्याची सीमा सरकते. सल्ला आणि सांत्वन यांच्यातली रेघ आपण वेगळ्या ठिकाणी ओढतो. कुठे ओढतो, ती वयाने, लिंगाने, जातीने, गाव-शहराने कशी बदलते, हा मराठीपुरता जवळजवळ कोरा राहिलेला प्रदेश आहे. आपल्या साहित्याने या बोलण्याची दखल घेतली नाही असे नाही. ना. सी. फडके यांनी लघुनिबंधाला ‘गुजगोष्टी’ म्हणूनच वाचकांपुढे आणले, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये बिऱ्हाडकरूंच्या बारीकसारीक तक्रारींचे सोने झाले. पण या लेखनात तक्रार करणारा झळाळतो आणि ऐकणारा अंधारात राहतो. शेजारच्या खोलीतून नेमके काय उत्तर आले आणि त्याने दोघांचे पुढे कसे जमले, हे तिथून समजत नाही.

किरकोळ गोष्टींकडे लक्ष न दिल्यामुळे मानसशास्त्राचीही बरीच वर्षे गल्लत झाली. ताण म्हणजे मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे, असा समज रूढ होता. रिचर्ड लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ११७ दैनंदिन कटकटींची यादी करून ती मध्यमवयीन शंभर माणसांकडून काही महिने भरून घेतली. वस्तू हरवणे, वाढते वजन, घराची देखभाल, महागाई अशी ती यादी होती. माणसाच्या मानसिक त्रासाचा अंदाज आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून अधिक बरोबर बांधता आला. अर्थात ज्याचे मन आधीच खचले आहे त्याला कटकटी जास्त जाणवतात, ही शंका उरतेच, आणि त्या अभ्यासावर ती घेतलीही गेली. तरी किरकोळ त्रास हा खरोखरीचा त्रास असतो, एवढे मान्य करायला हरकत नसावी. दुसऱ्या बाजूने २०१०मध्ये मात्थिआस मेल यांनी ७९ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रणयंत्रे लावून चार दिवसांचे बोलणे टिपले आणि समाधानी विद्यार्थी फुटकळ गप्पा कमी, सखोल चर्चा जास्त करतात असा निष्कर्ष काढला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. आठ वर्षांनी त्याच संशोधकांच्या गटाने जवळजवळ पाचशे माणसांच्या सामग्रीवर फेरतपासणी केली, तेव्हा सखोल बोलण्याचा लाभ टिकला, पण फुटकळ गप्पांनी समाधान घटते हा भाग गळून पडला. ही दुरुस्ती पहिल्या बातमीइतकी गाजली नाही. शिवाय सखोल चर्चा ज्याच्याशी होते, त्याच्यापर्यंत आपण कशाच्या वाटेने पोचलो, हे असल्या मोजणीत येतच नाही.

आता पडद्याकडे वळू. संगणकांच्या जाळ्यावरून अनोळखी माणसांनी गप्पा मारण्याची कल्पना १९७९मध्ये सुचलेल्या यूजनेटइतकी जुनी आहे. स्कॉट फालमन यांनी १९८२च्या सप्टेंबरमध्ये विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहरा सुचवला तो, सहकाऱ्यांना थट्टा कळेना म्हणून. जेफरसन यांचे निरीक्षण इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. अडचण लिहून पुढे हसरा चेहरा टाकणे हे सांगणाऱ्याचे हसणेच आहे, आणि त्याला उत्तर म्हणून जो नुसता हसरा चेहरा टाकतो तो का खुपतो, हेही त्यावरून कळते. हॉवर्ड राइनगोल्ड यांच्या १९९३च्या ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ने या मैत्रीचे पहिले मोठे समर्थन केले. मुलीच्या डोक्याला चिकटलेल्या गोचिडीवरचा उपाय डॉक्टरांचा फोन येण्याआधी त्यांना पडद्यावरच्या मित्रमंडळींकडून मिळाला, हा त्यातला प्रसिद्ध दाखला. तो दाखला समर्थन म्हणून बेताचाच आहे, कारण गोचीड निघाली की काम संपले. तिथे पुढची वर्षानुवर्षे माणसे परत का येत राहिली, याचे उत्तर गोचिडीत नाही.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पुढच्याच वर्षी ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले आणि अमेरिका, आखात, पुणे, मुंबई असा विखुरलेला मराठी माणूस एका ठिकाणी कुरकुरू लागला. आरंभी ही गरज मुख्यतः परदेशस्थांची होती, कारण त्यांच्याकडे जोडणी होती आणि शेजार नव्हता. २००९नंतरचे व्हॉट्सॲप आणि २०१६च्या सप्टेंबरपासून जिओमुळे कोसळलेले डेटाचे दर यांनी ती सवय तालुक्याच्या गावापर्यंत नेली. या स्थित्यंतराने दोन गोष्टी मुळापासून बदलल्या असे मला वाटते. पहिली, श्रोता निवडता येऊ लागला. घरातली बारीक तक्रार घरात करता येत नाही, कारण ऐकणारा त्या तक्रारीत पक्षकार असतो. सासूविषयी नवऱ्याशी बोलले की त्या बोलण्याचा खटला होतो. दूरची मैत्रीण या दाव्यात कुणाचीच नातलग नसते. माणूस आपली गुपिते परक्याला का सांगतो, हे झिमेलने १९०८मध्येच विचारले होते. मात्र त्याचा परका एकदा ऐकून पुढच्या गावी जाऊ शकत असे, आणि पडद्यावरचा परका उद्या सकाळी ‘मान कशी आहे?’ म्हणून विचारतो. परकेपण आणि सातत्य ही दोन्ही एकाच माणसात मिळणे पूर्वी दुर्मीळ होते. समोरच्या व्यक्तीचे वय, हुद्दा, चेहरा ठाऊक नसताना मराठी माणसे तिला बेधडक ‘ताई’ किंवा ‘काकू’ करून टाकतात, ही परक्याशी रोज बोलायचे कसे या अडचणीतून काढलेली देशी पळवाट आहे, आणि ती निघाल्यावर काय काय सांगता येऊ लागते हे पाहण्यासारखे असते.

दुसरा बदल कमी सुखाचा आहे. हवेत विरणारे बोलणे साठू लागले. ओट्यावरची कुरकुर संध्याकाळी विसरली जाई आणि ते विसरणे हा कराराचा भागच होता. आता ती शोधता येते, तिचा स्क्रीनशॉट काढता येतो, वर्षांनंतर ती भलत्याच माणसाच्या हाती पडते. मायबोलीवर ‘वाहते पान’ म्हणून सोय आहे. नवे संदेश आले की जुने आपोआप वाहून जातात. गप्पांना विसर लागतो हे ओळखून केलेली ही योजना मला त्या साऱ्या तंत्रज्ञानातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आपोआप नाहीसे होणारे संदेश व्हॉट्सॲपने आणले ते २०२०च्या अखेरीस.

पडद्यावरच्या या कुरकुरीवर आक्षेप बरेच आहेत आणि ते हलके नाहीत. पडद्याने माणूस एकटा पडतो, हा पहिला. रॉबर्ट क्राउट यांनी १९९८मध्ये १६९ नव्या वापरकर्त्यांच्या अभ्यासावरून तसे सुचवले होते. काही वर्षांनी त्यांतल्याच बहुतेकांना पुन्हा गाठले तेव्हा ते दुष्परिणाम बव्हंशी विरलेले आढळले. शेरी टर्कल यांचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. लिहून, खोडून, निवडून केलेल्या बोलण्यात माणूस स्वतःला उघडे पाडतच नाही, असे त्या म्हणतात. मोठ्या कबुलीच्या बाबतीत ते खरे असेल. गॅस संपल्याची बातमी मात्र कुणी तीनदा खोडून लिहीत नाही. किरकोळपणा सजावटीला आपोआप आळा घालतो. ज्याने मी खरोखर अडतो तो आक्षेप अमांडा रोझ यांच्या २००२च्या अभ्यासातून येतो. मैत्रिणी-मैत्रिणींनी एकाच अडचणीचा किस पुन्हापुन्हा पाडला की मैत्री घट्ट होते आणि त्याबरोबर खिन्नताही वाढते, असे त्यांना शाळकरी मुलामुलींत, विशेषतः मुलींत, दिसले. म्हणजे जे औषध तेच दुखणे. याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. एवढे म्हणता येईल की जेफरसन यांच्या फितींमधली निरोगी कुरकुर एका टप्प्यावर थांबते, ‘चला, भाजी टाकते’ म्हणत माणसे नेहमीच्या गोष्टींकडे परततात, आणि रोझ यांच्या मुलींना हे परतणे जमत नव्हते. तेव्हा धोका कुरकुरीपेक्षा तिचा शेवट हरवण्यात असावा. ज्या पडद्यावर संभाषण कधी संपतच नाही तिथे तो धोका वाढतो, हे टर्कल यांच्या बाजूने मान्य करावे लागेल.

शेवटचा आक्षेप वर्गाचा. हे सगळे फुरसतवाल्यांचे लाड आहेत, असे म्हटले जाते. त्याला उत्तर द्यायला महाराष्ट्राकडे जगात क्वचितच सापडेल असा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. ज्या बायकांना फुरसत म्हणून नव्हतीच त्यांनी पहाटे दळता दळता दुखरे हात, सासरचे बोल, माहेरची वाट असे सारे त्यांत घातले. ओवी ही रचना आहे, गप्पा नव्हेत, हे खरे. पण एकीने म्हणावे आणि जोडीने खुंटा धरलेल्या दुसरीने ते उचलून धरावे, ही पद्धत कष्टातून आलेली आहे. गिरण्या आल्या, दळण थांबले आणि ती जोडीदारीणही गेली. आज फोन घरात एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, अशा बाईला पडद्यावरची मैत्रीण मिळत नाही. असमानता इथे आहे. ती गरजेत नाही, सोयीत आहे.

हा विषय आत्ताच हाती घेण्याला एक निकडीचे कारण आहे. २०२२च्या अखेरीपासून संवादी यंत्रे सर्वांना खुली झाली आणि रात्री दोनलाही न कंटाळता ऐकणारा श्रोता उपलब्ध झाला. जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या १९६६च्या साध्या प्रोग्रॅमपाशीही माणसे मन मोकळे करत होती, तेव्हा यात नवल नाही. या यंत्रांना बरोबर दाद देता येते. घाईचा सल्ला टाळायलाही ती शिकतील. पण त्यांचे दही बिघडत नाही. दुसरी हकिगत त्यांच्याकडे नसते, आणि उद्या त्यांची मान अवघडली म्हणून आपल्याला दोन शब्द द्यावे लागत नाहीत. दाद मिळणे आणि दाद देण्याची पाळी येणे यांतले नेमके काय माणसाला हवे असते, याचा निकाल लवकरच प्रत्यक्ष व्यवहारात लागेल. त्याआधी हे बोलणे जसे चालते तसे नोंदलेले असावे.

त्या दृष्टीने पुढील लेखांकडे पाहावे. त्यांत भाषेचे अभ्यासक आहेत, समाजशास्त्राचे आहेत, आणि गप्पांची ठिकाणे वर्षानुवर्षे सांभाळणारेही आहेत. त्यांचे आपसांत जमत नाही, आणि संपादकांनी ते जमवण्याचा खटाटोप केलेला नाही. कुणाचेही खासगी संदेश छापायचे नाहीत, असा निर्णय सुरुवातीलाच झाला. जिथे नमुना लागला तिथे तो बेतलेला आहे आणि तसे सांगितले आहे. त्यामुळे जेफरसन यांच्या बारकाईला मुकावे लागले, पण विसरण्याचा जो करार वर सांगितला तो मोडून त्याच्याविषयी लिहिणे शोभले नसते. काही उणिवा सरळ उणिवाच आहेत. कोकणी आणि मराठी एकाच घरात बोलणाऱ्या गोव्यातल्या माणसांची कुरकुर कोणत्या भाषेत होते, यावर लेख हवा होता, मिळाला नाही. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचा उल्लेख जागोजागी आहे, स्वतंत्र विचार नाही. आणि लिहिण्याचा कंटाळा असलेले लोक आता बोलूनच संदेश पाठवतात, ज्यांत मागे कुकरची शिट्टी आणि मुलाची हाकही ऐकू येते. त्या आवाजी संदेशांना या संग्रहातील एकाही लेखकाने हात लावलेला नाही.